बछड्याला हात कधी लावायचा?

वाचकांचे प्रश्न, पशुवैद्यकाची उत्तरे

मागील अंकात प्राणिसंग्रहालयात जन्मलेल्या वाघाच्या बछड्यांविषयी लेख आला होता. त्यावर आलेल्या पत्रांत या पिल्लांच्या वैद्यकीय देखभालीविषयी बरेच प्रश्न होते. त्यांतील निवडक प्रश्न येथे घेतले असून, मोठ्या मांजरकुळातील प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यकाने त्यांना उत्तरे दिली आहेत.

प्रश्न: वाघीण व्यायल्यावर जवळजवळ तीन आठवडे डॉक्टरांनी पिल्लांना हातही लावला नाही, असे लेखात लिहिले होते. माणसाच्या बाळाची तपासणी जन्मताच होते. मग इतक्या दुर्मिळ पिल्लांबाबत ही हयगय का?

उत्तर: आपला प्रश्न रास्त आहे, पण हात न लावणे हासुद्धा वैद्यकीय निर्णयच असतो आणि तो रोज नव्याने घ्यावा लागतो. नुकतीच व्यालेली वाघीण, त्यातही पहिलटकरीण असेल तर, परक्या वासाने किंवा आवाजाने इतकी बिथरू शकते की ती पिल्लांना तोंडात धरून तासन्‌तास येरझाऱ्या घालते, दूध पाजणे सोडून देते किंवा त्यांना मारूनही टाकते. तिला या अवस्थेत ढकलून पिल्लाचे वजन दोन दिवस आधी समजले, तर त्याचा उपयोग काय?

वाघिणीचा गर्भकाळ साधारण १०३ दिवसांचा आणि सिंहिणीचा ११० दिवसांच्या आसपास असतो. मिलनाची तारीख नोंदलेली असली की व्यायची वेळ बऱ्यापैकी आधी समजते, आणि आमचे खरे काम त्या आधीच्या आठवड्यांत होते. अंधारी, कोरडी, शांत अशी व्यायची खोली तयार करायची; शक्य असल्यास तशा दोन खोल्या द्यायच्या, कारण पिल्ले हलवाविशी वाटणे हा मादीचा स्वभाव आहे आणि हलवायला दुसरी जागा असली की ती निवांत राहते. अंधारात दिसेल असा कॅमेरा आणि आवाज टिपणारा माइक आधीच बसवायचा, जेणेकरून ती त्यांना सरावलेली असेल. त्यानंतर त्या भागात एकदोन ओळखीच्या रक्षकांशिवाय कोणीही जायचे नाही. त्यात डॉक्टरही आले.

पडद्यासमोर बसून आम्ही काय पाहतो, तेही सांगतो. पिल्ले पहिल्या काही तासांत आचळाला लागली का, हे सर्वांत महत्त्वाचे. आईच्या चिकातून मिळणारी प्रतिकारशक्ती रक्तात उतरवून घेण्याची आतड्यांची क्षमता साधारण पहिल्या दिवसातच संपते, म्हणून ते पहिले दूध चुकले तर पुढे त्याची भरपाई पूर्णपणे होत नाही. त्यानंतर आई पिल्लांचे पोट आणि शेपटीखालचा भाग चाटते का, हे पाहायचे. नवजात बछड्याला आईने चाटल्याशिवाय लघवी आणि शौच होत नाही. पोट भरलेली पिल्ले एकमेकांवर रेलून झोपतात आणि झोपेत अधूनमधून अंग झटकतात. एखादे पिल्लू ढिगापासून दूर एकटे पडून राहिले, ते सतत ओरडत असले किंवा ओरडायचेच बंद झाले, की आमचे लक्ष तेथून हलत नाही.

सर्व ठीक असेल तर पहिली तपासणी सहसा दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यादरम्यान होते. आई स्वतःहून बाहेर खायला जाते, दार अलगद बंद होते, आणि ती खाणे संपवून परत फिरण्याच्या आत आम्ही मोकळे झालेले असतो. हातमोजे आधी त्याच खोलीतल्या गवतावर चोळून घेतो, म्हणजे पिल्लांना आमचा वास कमी लागतो. प्रत्येकाचे वजन, नर की मादी, टाळू दुभंगलेली आहे का, बेंबी सुकली आहे की सुजली आहे, डोळे उघडले आहेत का, हृदयात काही वेगळा आवाज आहे का, एवढेच पाहायचे आणि पिल्लू जसे होते तसे परत ठेवायचे. वाघाचे बछडे जन्मताना साधारण एक किलोचे आणि बिबट्याचे अर्धा किलोच्या आसपास असते. डोळे पहिल्या ते दुसऱ्या आठवड्यात उघडतात. या आकड्यांशी ताडून पाहता येते, पण पहिल्या वजनाचा खरा उपयोग दुसऱ्या वजनाच्या वेळी होतो.

प्रश्न: मग पिल्ले आईपासून काढून घेऊन बाटलीवर वाढवण्याची वेळ केव्हा येते? आणि तेव्हा त्यांना गाईचे दूध चालते का?

उत्तर: आई मेली किंवा गंभीर आजारी पडली, तिला दूधच उतरले नाही, तिने पिल्लाला जखमी केले किंवा पिल्लू लागोपाठ अशक्त होत चालले, तर हस्तक्षेप करावाच लागतो. एखादेच पिल्लू मागे पडत असेल, तर तेवढ्यालाच काढून, सावरून, शक्य तितक्या लवकर परत आईकडे देण्याचा प्रयत्न आधी करावा, असे माझे ठाम मत आहे. चित्त्यांत एक वेगळी अडचण येते: एकच पिल्लू झाले तर आईला पुरेसे दूध टिकत नाही आणि ती त्याला वाढवण्याची शक्यता कमी असते. त्याच सुमारास व्यालेली दुसरी मादी उपलब्ध असेल, तर ते पिल्लू तिच्या पिल्लांत मिसळून दत्तक देण्याची पद्धत अनेक संग्रहालयांनी यशस्वीपणे वापरली आहे.

काढून घेतलेल्या पिल्लाबाबत पहिला नियम असा की थंड पडलेल्या पिल्लाला दूध पाजायचे नाही. नवजात बछड्याला थरथरून स्वतःला ऊब देता येत नाही; शरीराचे तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली घसरले की आतडी मंदावतात, आणि अशा वेळी पोटात गेलेले दूध पचण्याऐवजी आंबते किंवा उलटून श्वासनलिकेत जाते. भुकेल्या पिल्लाच्या तोंडी बाटली लावावी, ही माणसाची पहिली ऊर्मी असते; ती आवरून आधी ऊब द्यावी लागते, आणि तीही हळूहळू, काही तासांच्या अवधीत, कारण एकदम तापवल्यास त्वचेकडे रक्त धावते आणि रक्तदाब कोसळतो. दरम्यान रक्तातील साखर तपासून ग्लुकोज आणि सलाईन द्यावे. पिल्लू उबदार झाले आणि बोट तोंडात दिल्यावर ओढू लागले की मग दूध.

गाईचे दूध चालत नाही. मोठ्या मांजरांच्या दुधात प्रथिने आणि स्निग्धांश गाईच्या दुधापेक्षा कितीतरी जास्त आणि दुग्धशर्करा कमी असते. म्हणून गाईच्या दुधावर पिल्लू एकीकडे उपाशी राहते आणि दुसरीकडे त्याला जुलाब होतात. मांजराच्या पिल्लांसाठी तयार मिळणारी दूधभुकटी वापरतात, पण तीही आईच्या दुधाची बरोबरी करत नाही. कृत्रिम दुधावर वाढलेल्या वाघांच्या पिल्लांत मोतीबिंदू आढळला आहे आणि दुधातील आर्जिनिन या अमिनो आम्लाची कमतरता हे त्याचे एक कारण मानले जाते. म्हणून बाटलीवरच्या पिल्लांचे डोळे आम्ही दर आठवड्याला उजेडाच्या झोतात तपासतो.

प्रमाणाबाबत साधारण हिशेब असा: दिवसभरात पिल्लाच्या वजनाच्या १५ ते २० टक्के दूध आणि एका वेळी ५ टक्क्यांपेक्षा जास्त नाही. म्हणजे एक किलोच्या बछड्याला दिवसाला १५० ते २०० मिलिलिटर, पण एका वेळी ५० मिलिलिटरच्या आतच. सुरुवातीला दर दोन-तीन तासांनी, रात्रीही. पिल्लू पोटावर, आईजवळ जसे असते तसे धरायचे आणि मान किंचितच वर ठेवायची. मानवी बाळासारखे उताणे धरून पाजल्यास दूध फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो, आणि बाटलीवरच्या पिल्लांच्या मृत्यूमागे हे कारण वारंवार सापडते. निपलचे भोक मोठे करणे हीही तशीच घातक सवय आहे. पाजून झाल्यावर कोमट पाण्यात भिजवलेल्या मऊ कापडाने शेपटीखालचा भाग हळुवार पुसत राहायचे, लघवी आणि शौच होईपर्यंत.

ज्या पिल्लाला चीक मिळालाच नाही त्याला त्याच जातीच्या निरोगी, आजारांसाठी तपासलेल्या प्रौढ प्राण्याच्या रक्तातील द्रव, म्हणजे सीरम, त्वचेखाली देता येते. ही तयारी प्रसूतीपूर्वीच करून सीरम गोठवून ठेवावे लागते. ऐन वेळी ते कोठून आणणार?

शेवटी, पिल्लू जगवले म्हणजे काम झाले, असे समजू नये. फक्त माणसांत वाढलेल्या बछड्याला आपल्या जातीच्या खाणाखुणा कळत नाहीत आणि पुढे त्याला जोडीदाराबरोबर ठेवणेही अवघड होते. म्हणून दुसरे पिल्लू, मग ते दुसऱ्या मादीचे का असेना, लवकरात लवकर सोबतीला द्यावे. चित्त्याच्या एकट्या पिल्लाला कुत्र्याच्या पिल्लाची सोबत देण्याची पद्धतही काही संग्रहालयांत रूढ आहे.

प्रश्न: मांसाहारी प्राण्याला भरपूर मांस मिळत असूनही बछड्यांची हाडे मोडतात, असे वाचले. हे कसे शक्य आहे?

उत्तर: हे शक्य आहे, आणि दुःख असे की ते पूर्णपणे टाळता येण्यासारखे आहे. रानातला वाघ नुसते मांस खात नाही. तो कातडे, यकृत, आतडी आणि कोवळी हाडेही खातो. निव्वळ लाल मांसाच्या एका किलोत फॉस्फरस सुमारे २ ग्रॅम आणि कॅल्शियम मात्र जेमतेम ०.१ ग्रॅम असते, म्हणजे एकास वीस असे उलटे प्रमाण. वाढत्या पिल्लाला कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा थोडे जास्तच हवे असते. रक्तातले कॅल्शियम घसरू नये म्हणून शरीर गळ्यातील परावटू ग्रंथींच्या संप्रेरकाच्या साहाय्याने ते हाडांतून काढू लागते. पिल्लू गुबगुबीत दिसते, वजनही वाढत असते आणि आतून सांगाडा पोखरला जात असतो.

अशा पिल्लाचा एक्स-रे एकदा पाहिला की विसरता येत नाही. एरवी हाडे मांसाच्या करड्या सावलीवर पांढरीशुभ्र उठून दिसतात. येथे हाड आणि मांस यांच्यात फरकच उरत नाही, मांडीच्या हाडाची भिंत पेन्सिलीच्या पुसट रेघेएवढी असते आणि त्यात ठिकठिकाणी दुमडल्यासारखे मोड दिसतात, जे कोणत्याही अपघाताविना झालेले असतात. बाहेरून दिसणारी लक्षणे सौम्य असतात, म्हणूनच ती निसटतात: पिल्लू खेळता खेळता बसते, उडी मारायचे टाळते, मागच्या पायांत अडखळते, उचलले की ओरडते. पुढे पाठीचा मणका दबला तर मागचे पाय लुळे पडतात आणि कटीची हाडे आत दबली तर आयुष्यभर बद्धकोष्ठता जडते. मादीत तीच अरुंद कटी प्रसूतीच्या वेळी जिवावर बेतू शकते.

उपाय साधा आहे. मांस खायला लागण्याच्या वयापासून, म्हणजे वाघात साधारण सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून, मऊ हाडांसह अख्खे छोटे भक्ष्य द्यावे किंवा मांसात मोजून कॅल्शियम मिसळावे. वरचाच हिशेब पुढे नेला तर एक किलो मांसामागे सुमारे ६ ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट लागते, ज्यात २.४ ग्रॅम कॅल्शियम असते. अंदाजाने मूठभर पूड टाकू नये. जादा कॅल्शियम आणि जादा जीवनसत्त्व ‘ड’ यांनीही वाढत्या हाडांचे नुकसान होते. पिल्लू आधीच आजारी असेल तर आहार सुधारून त्याला छोट्या, मऊ गवताच्या खोलीत काही आठवडे उड्या मारू न देता ठेवावे लागते.

याच्याच जोडीला सिंहाच्या पिल्लांतील एक विकार सांगायला हवा. पिल्लू मान मागे टाकून वर पाहत राहते, चालताना तोल जातो, डोके थरथरते. जीवनसत्त्व ‘अ’ कमी पडल्याने कवटीचे मागचे हाड जाड होते आणि लहान मेंदू दाबला जातो. गाजरातील कॅरोटिनपासून जीवनसत्त्व ‘अ’ तयार करण्याची क्षमता मांजरकुळात नसते. ते त्यांना प्राणिज अन्नातूनच, मुख्यतः यकृतातून मिळवावे लागते. लवकर ओळखल्यास पूरक मात्रेने सुधारणा होते. काही पिल्लांत हाडाचा दाब कमी करण्यासाठी शस्त्रक्रियाही केली गेली आहे. उलट रोज यकृतच घातले तर त्याच जीवनसत्त्वाचा अतिरेक होऊन मानेचे मणके जखडतात. टॉरिन हे आणखी एक पोषकद्रव्य मांजरांना अन्नातूनच हवे असते, आणि त्याच्या अभावी दृष्टिपटल व हृदय दोन्ही खराब होतात. गोठवलेले मांस वितळताना जे पाणी सुटते त्यात टॉरिन वाहून जाते, हे स्वयंपाकघर सांभाळणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

प्रश्न: घरच्या मांजरांच्या लशीच बछड्यांना देतात का?

उत्तर: पुष्कळदा होय, पण लशीचा प्रकार पारखून. मांजरांचा पार्व्हो, ज्याला पॅनल्यूकोपेनिया म्हणतात, तो बछड्यांतला सर्वांत भयंकर आजार. उलट्या, रक्ती जुलाब, पांढऱ्या पेशींची घसरण आणि दोन-तीन दिवसांत मृत्यू, असा त्याचा क्रम असू शकतो. आणि त्याचा विषाणू परिसरात महिनोन्‌महिने टिकतो. त्याबरोबर सर्दीसारखे आजार करणारे हर्पिस आणि कॅलिसी विषाणू येतात. या तिन्हींसाठी मृत विषाणूंची लस आठव्या आठवड्याच्या सुमारास सुरू करून तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळाव्या आठवड्यापर्यंत देतात. एकच डोस का पुरत नाही, असे विचारले जाते. आईकडून आलेली प्रतिद्रव्ये लशीलाही निष्प्रभ करतात, ती कोणत्या पिल्लात कोणत्या आठवड्यात संपतील हे सांगता येत नाही, म्हणून मालिका करावी लागते. रेबीजचीही मृत लस नंतर देतात.

कुत्र्यांसाठीची जिवंत, क्षीण केलेल्या विषाणूची डिस्टेंपर लस वन्य मांसाहारी प्राण्यांत आजारच निर्माण करू शकते, म्हणून ती देऊ नये. जेथे मिळते तेथे कॅनरीपॉक्स विषाणूच्या आधारे बनवलेली लस वापरतात. डिस्टेंपर हा कुत्र्यांचाच आजार, ही समजूत १९९४ साली आफ्रिकेतील सेरेंगेटीत मोडली. तेथील सिंहांपैकी सुमारे एकतृतीयांश, म्हणजे अंदाजे १,००० सिंह त्या साथीत गेले, आणि पुढील अभ्यासात असे दिसले की दुष्काळानंतर गोचिडांतून पसरलेल्या बबेसिया या रक्तातील परजीवीची त्याच वेळी लागण झाल्याने मृत्यू इतके वाढले. २०१८ साली गीरमध्ये २० हून अधिक सिंह दगावले, तेव्हाही डिस्टेंपरचा विषाणू सापडला होता.

लस नसलेल्या आजारांपासून बचाव माणसांच्या सवयींवरच अवलंबून असतो. २००३-०४ मध्ये थायलंडमध्ये बर्ड फ्लूची लागण झालेल्या कच्च्या कोंबड्या खाऊन वाघ-बिबटे मेले. २००४ च्या एका साथीत ४४१ वाघांपैकी १४७ वाघ मेले किंवा त्यांना दयामरण द्यावे लागले. एप्रिल २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयातील वाघिणीला कोरोनाची लागण झाल्याचे सिद्ध झाले, ती बहुधा एखाद्या रक्षकाकडूनच झाली होती. रक्षकाच्या घरी आजारी मांजर असेल तर त्याने त्या दिवशी बछड्यांकडे न जाता आधी डॉक्टरांना कळवावे, आणि तसे कळवल्याबद्दल त्याला कोणी बोल लावू नये. बोल बसतील या भीतीने लपवलेली माहिती पिल्लांच्या जिवावर उठते.

प्रश्न: जंतांचे औषध कधीपासून द्यावे?

उत्तर: गोल जंतांच्या अळ्या आईच्या दुधातूनही पिल्लात जातात, त्यामुळे हाताळता येणाऱ्या पिल्लांना दोन-तीन आठवड्यांपासून औषध देता येते, फेनबेंडाझोल आणि पायरँटेल ही नेहमीची औषधे होत. आईजवळच्या पिल्लांबाबत विष्ठा तपासून ठरवावे. तीन पिल्ले एकाच खोलीत असताना कोणाची विष्ठा कोणती, हे कसे ओळखायचे? प्रत्येकाच्या मांसाच्या गोळ्यात वेगळ्या रंगाची, पोटाला निरुपद्रवी अशी चमकी घालतात. दुसऱ्या दिवशी हिरवी चमकी दिसली की नमुना कोणाचा ते कळते.

प्रश्न: तपासणीसाठी दर वेळी भूल द्यावी लागते का? लहान पिल्लांना ती झेपते का?

उत्तर: साधारण दोन-तीन महिन्यांपर्यंत जाड हातमोजे आणि सरावाचे दोन माणसे एवढ्यावर काम भागते. त्यापुढे दात आणि नखे यांचा विचार करावाच लागतो. भूल झेपते, पण लहान पिल्लाला प्रौढासारखे रात्रभर उपाशी ठेवू नये. त्याच्या यकृतातील साखरेचा साठा अल्प असतो. काही तासांचा उपवास पुरतो, आणि भुलेत असताना अंगाखाली ऊब, साखरेची तपासणी आणि श्वासावर सतत नजर हवी. केटामीन आणि मेडेटोमिडीन ही जोडी मोठ्या मांजरांत पुष्कळ वापरली जाते, कारण मेडेटोमिडीनवर उतारा देऊन प्राण्याला लवकर जागे करता येते. टिलेटामीन आणि झोलाझेपाम यांचे मिश्रण मात्र वाघांत टाळण्याचा प्रघात आहे. भूल उतरल्यानंतर मज्जासंस्थेची लक्षणे दिसल्याच्या नोंदी आहेत.

तरीही मला सर्वांत आनंद देणारी गोष्ट म्हणजे भुलेविना होणारी तपासणी. बछडे चार-पाच महिन्यांचे असल्यापासून रक्षक जाळीपलीकडून त्यांना शिकवतात: काठीच्या टोकाला नाक लाव, मांसाचा तुकडा मिळेल, तोंड उघड, तुकडा मिळेल, कूस जाळीला टेक, तुकडा मिळेल. जबरदस्ती नसते, प्राण्याला निघून जायची मुभा असते. दीड-दोन वर्षांत तोच वाघ जाळीशी आडवा होतो, जाळीच्या फटीतून शेपूट बाहेर घेऊ देतो आणि शेपटीच्या शिरेतून रक्त काढत असताना समोरच्या रक्षकाकडे पाहत मांस चाटत राहतो. ज्या दिवशी त्याला खरोखर बरे वाटत नसेल, त्या दिवशी या शिकवणीची किंमत कळते.

प्रश्न: पांढऱ्या वाघाच्या पिल्लाचे तिरळे डोळे शस्त्रक्रियेने सरळ करता येतील का?

उत्तर: नाही. डोळ्यांतून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूंची जुळणी जन्मतःच वेगळी झालेली असते आणि ती पांढऱ्या रंगाच्या जनुकाशी निगडित आहे. स्नायू ओढून ती बदलत नाही. प्राणिसंग्रहालयांतील बहुतेक पांढरे वाघ १९५१ साली रीवा येथे पकडलेल्या मोहन या वाघाचे वंशज आहेत आणि त्या रंगासाठी पिढ्यान्‌पिढ्या जवळच्या नात्यांत संकर झाले. याचा इलाज जोड्या ठरवताना, वंशावळीच्या नोंदी पाहून करायचा असतो. केवळ रंगासाठी असे प्रजनन थांबायला हवे, असे माझे स्पष्ट मत आहे. हिमबिबट्याच्या पिल्लांत पापणीचा काही भागच तयार न होण्याचा जन्मजात दोष आढळतो; तेथे मात्र शस्त्रक्रियेचा उपयोग होतो, कारण पापणीअभावी केस बुबुळाला घासून जखम होत असते.

प्रश्न: बछडे लहान असताना पाहुण्यांना मांडीवर घेऊ दिले तर मुलांना प्राण्यांविषयी प्रेम वाटेल, असे काहींचे म्हणणे असते. आपले मत?

उत्तर: माझा त्याला पूर्ण विरोध आहे. आईची प्रतिद्रव्ये ओसरत असतात आणि लशीची मालिका अपुरी असते, नेमक्या त्या आठवड्यांत पिल्लू हाताळायला सर्वांत गोंडस दिसते. शेकडो अनोळखी हात, झोपमोड, चुकलेली दुधाची वेळ, आणि सतत पुरवठा हवा म्हणून आईपासून फार लवकर काढलेली पिल्ले, हे सर्व त्या छायाचित्रामागे असते. गजकर्णासारखे त्वचारोग पिल्लाकडून मुलांनाही होतात. ओरखडे नकोत म्हणून काही ठिकाणी बछड्यांची नखे काढली जातात. त्यात नखाबरोबर बोटाचे शेवटचे हाडच कापले जाते, आणि तो प्राणी शंभर-दोनशे किलोचा होऊन त्याच पंजांवर आयुष्यभर चालतो.

प्रश्न: बछडे मेले की संग्रहालये बातमी लपवतात का? शवविच्छेदन कशासाठी, जेव्हा जीव गेलेलाच असतो?

उत्तर: बातमी देणे न देणे व्यवस्थापनाच्या हाती असते, शवविच्छेदन मात्र प्रत्येक पिल्लाचे, मृत जन्मलेल्याचेही, झालेच पाहिजे. बछड्यांचे मृत्यू पहिल्या महिन्यात सर्वाधिक होतात. पोटात दूध होते की नव्हते, फुप्फुसांत हवा गेली होती का, बेंबीतून संसर्ग यकृतापर्यंत पोचला होता का, हृदयात छिद्र होते का, या चार प्रश्नांच्या उत्तरांवर उरलेल्या भावंडांचे उपचार त्याच दिवशी बदलतात. पोट रिकामे आढळले तर बाकीच्यांचे वजन तातडीने घ्यायचे. बेंबीचा संसर्ग आढळला तर खोलीतले गवत बदलून भावंडांना प्रतिजैविक द्यायचे की नाही, हे ठरवायचे.

प्रश्न: आम्ही नेहमी जाणारे पाहुणे आहोत. एखादे बछडे लंगडताना किंवा खोकताना दिसले तर आम्ही काय करावे?

उत्तर: जवळच्या रक्षकाला अवश्य सांगावे. दिवसभर उभे राहून पाहणाऱ्या पाहुण्याला कधी कधी ते दिसते, जे रक्षकाच्या फेरीत सुटते. कोणते पिल्लू, कोणता पाय, किती वाजता, आणि आधी त्याने उडी मारली होती का की झोपेतून उठले होते, हे सांगितल्यास फार मदत होते. अंगावरच्या पट्ट्यांचा किंवा ठिपक्यांचा ठळक आकार लक्षात ठेवला तर ओळख पटते. मोबाइलवर फ्लॅश न वापरता अर्ध्या मिनिटाचे चित्रण केले असेल तर ते दाखवावे, कारण डॉक्टर येईपर्यंत पिल्लू बहुधा झोपलेले असते. ते परत उठावे म्हणून काच वाजवू नये किंवा आत काही टाकू नये. खोकल्याबरोबर नाका-डोळ्यांतून स्राव किंवा अंगाचे झटके दिसले तर ती बाब तातडीची समजावी आणि रक्षक दिसत नसेल तर प्रवेशद्वारावरच्या कार्यालयात जाऊन सांगावे.